आडव्या रेशाचं लाकूड

बाई, तुम्ही माझ्या बाबांशी दोनदा खोटं बोललात. एकदा शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, आणि एकदा लकडगंजात त्यांच्याच सुतारकामाच्या शेडमध्ये, त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं पुसून दिलेल्या स्टुलावर बसून. दोन्ही वेळा मी तिथंच उभी होते आणि दोन्ही वेळा गप्प राहिले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या मुली आज्या झाल्या. त्यांच्यातलीच मी एक, नोकरी संपवून घरी बसलेली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं हे मलाही कळतं. पण निबंधाची सुरुवात मुद्द्यानं करा, इकडचं तिकडचं नको, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून मुद्द्यानं केली.

तुमची चिठ्ठी अजून माझ्याकडं आहे. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे भाग कापून तुम्ही त्या चिठ्ठ्या करायचात. शनिवारची अर्धी शाळा, शेवटचा तास, आणि तुम्ही बाकांमधून फिरत एकेकीच्या वहीवर एक चिठ्ठी ठेवताय. चिठ्ठीवर एक इंग्रजी विशेषण, दोन शब्द मध्ये लहानशी रेघ देऊन जोडलेले, त्या मुलीला शोभेल असं तुम्हीच निवडलेलं. तिनं आठवडाभरात त्याचा अर्थ शोधायचा, तो शब्द आला कुठून ते शोधायचं, आणि पुढच्या शनिवारी फळ्याजवळ उभं राहून सगळं सांगून झालं की शेवटी स्वतःबद्दल एक वाक्य म्हणायचं. 'आय ॲम' अमुकतमुक. शब्द चांगला असेल तर तेवढंच. वाईट असेल तर पुढं 'अँड आय शॅल मेंड' जोडायचं, म्हणजे मी सुधारेन. नागपूरच्या धरमपेठेतल्या, बंगल्यांतल्या मुलींना सॉफ्ट-स्पोकन मिळायचं, वेल-रेड म्हणजे बहुश्रुत मिळायचं. एका डॉक्टरांच्या मुलीला तुम्ही वॉर्म-हार्टेड दिलंत. त्या वॉर्म-हार्टेडनं अख्ख्या शाळेत कधी कुणाला डब्यातला चिवडा दिला नव्हता, पण ती मान तिरकी करून आपलं वाक्य म्हणाली आणि तुम्ही 'व्हेरी गुड' म्हणालात. माझ्या वहीवर तुम्ही ठेवलंत क्रॉस-ग्रेन्ड.

का ठेवलंत ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. तुम्ही शिकवायचात इंग्रजी, पण पहारा आमच्या मराठीवर. वर्गात कुणी मले, तुले, काहून असं बोललं की मला, तुला, का हे शंभर शंभर वेळा लिहून आणायचं. धरमपेठेतल्या मुलींना ते कधी लिहावं लागलं नाही, लकडगंजातल्या आम्हा तिघी-चौघींच्या वह्या मात्र त्यानं भरल्या. एकदा मी शंभर वेळा 'मला' लिहून आणलं, अगदी स्वच्छ अक्षरात, समासबिमास सोडून. आणि खाली एकशे एकावी ओळ लिहिली, की हे बाईंसाठी लिहिलं, घरी मी मलेच म्हणते. तुम्ही ती ओळ वाचलीत, वही मिटलीत. त्याच आठवड्यात चिठ्ठी आली.

मी तेव्हा मॅट्रिकला होते, सोळा वर्षांची. घरी वेगळंच चाललं होतं, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पारशिवनीकडच्या काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. घरचं धान, दोन बैलजोड्या, मुलगा सरळ म्हणे. मुलगा वाईट होता असं मी आजही म्हणत नाही, मी त्याला पाहिलंच नाही. मला कॉलेजात जायचं होतं, बस. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेली मीच पहिली, आणि शाळेतलं बरंवाईट बाबांना कळत नव्हतं. ते सुतारकाम करायचे, आणि दुसऱ्याच्या कामातलं आपल्याला कळत नसेल तर त्या कामाच्या माणसाला विचारावं अशी त्यांची रीत. त्यांनी काकांना सांगितलं, मी पोरीच्या इंग्रजीच्या बाईंना विचारतो. हिला शिकवण्यात अर्थ आहे असं बाई म्हणाल्या तर शिकवीन, नाही म्हणाल्या तर मे महिन्यात लग्न. आई म्हणाली, बाईले काय ठावं आपल्या घरचं? पण बाबांनी एकदा सांगितलं ते सांगितलं. म्हणजे माझं पुढचं सगळं तुमच्या तोंडी येऊन थांबलं होतं, आणि माझ्याबद्दलचं तुमचं मत तर चिठ्ठीवर लिहूनही झालं होतं.

अर्थ शोधायचा तर शाळेतला मोठा शब्दकोश हवा. तो शिक्षकांच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या खणात, लाल फडक्यात गुंडाळलेला. तो बघायचा तर आधी हात धुऊन तुम्हाला दाखवायचे. मी रविवारी बाबांबरोबर दारांना लाखेचं पॉलिश घासायला बसायची, त्यामुळं माझी बोटं पार नखांपर्यंत तपकिरी. तुम्ही मला दोनदा नळावर परत पाठवलंत. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बाई, हा मळ नाही, हे पॉलिश आहे, हे निघत नाही. मग पानं तुम्ही स्वतः उलटलीत आणि मी हात मागं बांधून वाचलं. ग्रेन म्हणजे धान्य एवढंच मला माहीत होतं, मला वाटलं होतं आडवा दाणा असलं काहीतरी निघेल. कोशात आधी लाकूड होतं. ज्याचे रेशे सरळ न जाता आडवेतिडवे गेले आहेत, कामाला अवघड असं लाकूड. त्याच्या खाली माणूस होता. हट्टी, उलट्या डोक्याचा, ज्याच्याशी निभवणं कठीण असा. मी दोन्ही उतरून घेतलं. लाकूड वाचून मला बरं वाटलं आणि माणूस वाचून अंगाची आग झाली. तुम्ही कोश पुन्हा फडक्यात गुंडाळत होतात.

शाळा सुटल्यावर तशीच शेडमध्ये गेले. एका वखारीच्या मागच्या बाजूला बाबा चौकटी आणि दारं करायचे. त्यांना मी पहिला अर्थ सांगितला, दुसरा नाही सांगितला. ते हसले आणि म्हणाले, म्हणजे साहेबांतही सुतार असतात तर. ढिगातून त्यांनी सागाची एक फळी काढली, गाठीजवळची, आणि माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. आधी गुळगुळीत, आणि वीतभर पुढं गेलं की खरखरीत, मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं. मग त्यांनी लाकूड तासायचा रंदा लावला. रंदा चांगला चालला होता आणि त्या जागी आला तसा अडकला, लाकडाचा टवका उचकटून खड्डा पडला. असं झाड उतारावर वाढलेलं असतं, नाहीतर वाऱ्यानं पिळलेलं, त्याचा रेशा जिकडं जागा मिळाली तिकडं गेला, असं ते म्हणाले. नवा माणूस अशा फळीवर जोर करतो आणि फळी वाया घालवतो. जिथं अडलं तिथं थांबायचं, पात्याला धार लावायची, फळी फिरवून घ्यायची आणि दुसऱ्या टोकाकडून त्याच जागेपर्यंत यायचं. लाकडाले शिव्या नाई देत, माणूस आपला हात पायते, हे त्यांचं शेवटचं वाक्य. मग त्यांनी पटाशीवर मारायची आपली मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, मला हातात दिली, बाभळीची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिचा रेशा इतका गुंतलेला की घाव खाऊन खाऊन तिचं तोंड चेपलं होतं, पण ती फाटली नव्हती. सरळ रेशाच्या लाकडाची मोगरी चार महिन्यांत उभी चिरते म्हणे. त्या सागाच्या फळीचा हातभर तुकडा त्यांनी मला कापून दिला, अर्धा नीट रंदलेला आणि अर्धा उचकटलेला.

पहिल्या शनिवारी तो तुकडा घेऊन मी फळ्याजवळ उभी राहिले. दोन्ही अर्थ सांगितले, काही लपवलं नाही. शब्द कुठून आला तेही सांगितलं, सुताराच्या शेडमधून आला म्हटलं, आणि तुकडा पहिल्या बाकापासून फिरवायला दिला. मुलींनी हात लावून पाहिला. वॉर्म-हार्टेडच्या बोटात कुसळ गेलं त्याला माझा इलाज नाही. सगळं झालं आणि मी जागेवर जाऊन बसले. तुम्ही म्हणालात, वाक्य राहिलं. मी उभी राहिले, पण वाक्य म्हटलं नाही. घंटा होईपर्यंत उभी होते. दुसऱ्या शनिवारी तुम्ही माझ्यापासूनच सुरुवात केलीत. मी उभी राहिले, तुम्ही थांबलात, मग बाकीच्यांचे शब्द झाले, आणि मी उभीच. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. तुम्ही रागावत नव्हतात, ओरडत नव्हतात, त्याचाच मला जास्त संताप यायचा. मुली म्हणायच्या, अगं म्हणून टाक ना, तुझं काय जातं? काय जातं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. लाकूड आडव्या रेशाचं असतं हे मला मान्य होतं. पण मी सुधारेन असं कुठलंही लाकूड कधी म्हणत नाही, आणि त्याला तसं म्हणायला लावायची वेळ कुठल्या सुतारावर येत नाही. सुधारायचं असेल तर ते रंदा धरणाऱ्यानं.

तिसऱ्या शनिवारी घरी आले तर बाबा म्हणाले, सोमवारी अर्धा दिवस सुटी घेतली, तुह्या बाईले भेटाले येतो. मधल्या रविवारी एक गोष्ट घडली, ती जरा थांबून सांगते. आधी सोमवार सांगू द्या, कारण सोमवारच मी जन्मभर लोकांना सांगत आले.

सोमवारी बाबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आलेत, टोपी हातात, आणि कानामागं भुसा राहिलाच आहे. तुम्ही त्यांना खुर्ची देताय, ते बसत नाहीत. मी त्यांच्या मागं दाराशी उभी. त्यांनी स्थळाचं सांगितलं, काकांचं सांगितलं, मेहनतीची पोरगी आहे सांगितलं, आणि विचारलं की शिकवू का हिला पुढं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मुलगी हुशार आहे म्हणालात. आणि मग जे म्हणालात ते मला तोंडपाठ आहे.

"पण वाकत नाही. तीन शनिवार उभी केली, एक वाक्य म्हण म्हटलं. वर्गात नाही, बाहेर नाही, एक अक्षर बोलली नाही तुमची मुलगी."

बाबांनी विचारलं, कोणतं वाक्य? तुम्ही तो शब्द सांगितलात, आणि मी लपवलेला माणसाचा अर्थही सांगितलात. बाबांनी एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पारशिवनी. मग ते तुमच्याकडं वळले आणि अगदी सावकाश, गिऱ्हाइकाशी कामाचं बोलायचे तसंच बोलले.

"मंग बाई, तुमी रंदा एकाच अंगानं मारला असन."

 खोलीत दुसऱ्या दोन बाई वह्या तपासत होत्या, त्यांची पेनं थांबली.  शिकवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, एवढं तुम्ही म्हणालात आणि चष्मा चढवून पुढच्या तासाला निघालात.

बाबांनी मला सायकलवर मागं बसवलं. बर्डीचा बाजार ओलांडला. पुलाचा उतार लागला तेव्हा मान न वळवता म्हणाले, तीन शनवार उभी राह्यली, मले काहून नाई सांगतलं वं?  मग म्हणाले, "उभं राहाचं काई नाई. पन मनात नसताना कबूल नाई केलं, हे चांगलं केलं तू. काकाले कळवतो. तू शिक." मी कॅरिअरवर बसून रडायला लागले, इतकी की त्यांनी सायकल थांबवली. त्यांना वाटलं, मी आनंदानं रडून राहिली.

आता रविवार. तुम्हाला तो माहीत आहे, पण मला एकदा लिहू द्या, मी तो कुठंच लिहिलेला नाही. मैत्रिणीकडं वही आणायला जाते असं घरी सांगून मी लकडगंजातून निघाले आणि अर्धं शहर चालत धरमपेठेत तुमच्या घरी आले. पत्ता कुणाकडून तरी विचारून ठेवलेला होता. पुढचं दार वाजवायची हिंमत झाली नाही, मागं गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि तुम्ही पाटावर बसून अंबाडीची भाजी निवडत होतात, केस धुऊन मोकळे सोडलेले. तुम्ही घरी अशा खाली बसून भाजी निवडत असाल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी चपला हातात घेऊन चौकटीत उभी राहिले आणि तुम्ही काही विचारायच्या आत म्हणून टाकलं. आय ॲम क्रॉस-ग्रेन्ड अँड आय शॅल मेंड. सगळं म्हटलं, अडखळले नाही. पुढं आणखी म्हटलं, उद्या माझे बाबा येणार आहेत, त्यांना चांगलं सांगा, मी यापुढं मलाच म्हणेन, तुम्ही म्हणाल तसं वागेन. तुमचे हात थांबले. मला वाटलं होतं तुम्हाला आनंद होईल, तीन शनिवार तुम्ही त्याचीच तर वाट बघत होतात. तुमचा चेहरा मात्र घरात काहीतरी फुटल्यावर होतो तसा झाला. तुम्ही म्हणालात, इतकं चालत आलीस, पाणी पी. तांब्या पुढं केलात. मी पाणी प्यायले आणि आले तशी निघाले. शाबास नाही, बरं नाही, काही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बापाला तुम्ही सांगितलंत, वर्गात नाही, बाहेर नाही, एक अक्षर बोलली नाही.

काहून, बाई? किती वर्षं मी याचा अर्थ लावत बसले. कधी वाटलं तुम्ही सूड घेतलात, शरण आलेल्या पोरीचं लग्न लावून टाकायला निघालात. कधी वाटलं तुम्हाला तुमच्याच चिठ्ठीची लाज वाटली. बाबांच्या हातातली टोपी बघून तुम्ही माझं वाकणं त्यांच्यापासून झाकलंत, असंही वाटलं, आणि असं वाटलं की मला सगळ्यात जास्त राग येतो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं झाकायला? माझं वाक्य होतं ते, चांगलं असो वाईट असो, मी सात मैल... जाऊ द्या, मैल मोजले नव्हते, पण चप्पल तुटली होती. ते वाक्य तुम्ही तुमच्याकडं ठेवून घेतलंत आणि त्याच्या बदल्यात मला न वाकणारी मुलगी करून टाकलंत, मला न विचारता. मग मला तशी व्हावंच लागलं. दुसरा मार्गच ठेवला नाहीत.

झाले, तशी झाले. कॉलेज केलं, बीएड केलं, आणि पूर्व नागपुरातल्याच एका शाळेत शिकवायला लागले. इंग्रजीच. चिठ्ठ्या एकदाही वाटल्या नाहीत. माझ्या वर्गात मुली मले म्हणाल्या तर मी त्यांना मलेच म्हणू दिलं, आणि मुख्याध्यापकांनी टोकलं तेव्हा त्यांनाही चार शब्द ऐकवले. लग्न केलं ते माझ्या वेळेला, माझ्या मर्जीनं. दर वर्षी मॅट्रिकच्या मुलींना, पुढं दहावीच्या, मी ती गोष्ट सांगायची. तीन शनिवार, एक वाक्य आणि बाबांचा रंदा. बाबांची मोगरी टेबलावर ठेवून सांगायची. मुली अशा बघायच्या माझ्याकडं की घरी जाऊन त्यांच्यातली एखादी नक्की कुणालातरी नाही म्हणणार. काही जणी म्हणाल्याही, मला माहीत आहे. रविवार मी कधीच सांगितला नाही.

आणि त्या शब्दाचंही एकदा स्पष्ट होऊ द्या. तो शब्द तुमचा नव्हताच. कॉलेजातल्या ग्रंथालयात मी तो पुन्हा पुन्हा शोधला, जाड जाड कोशांत, आता पानं स्वतःच्या हातानं उलटून. सगळीकडं तेच, आधी लाकूड आणि मग माणूस. म्हणजे तिकडंही आधी कुणीतरी हातात रंदा धरलेला बाप्या होता, अंगावर भुसा घेऊन उभा, आणि त्यानं तो शब्द कामासाठी केला. पुढच्या माणसाला सांगायला की ही फळी जपून घे, इथं फिरव. पुस्तकवाल्यांनी शब्द तेवढा उचलला आणि त्यातलं काम टाकून दिलं. त्यांच्या हाती आला तेव्हा तो नुसता दोष झाला, लाकडाचा दोष. तुम्ही मला तो अर्धाच दिलात. उरलेला अर्धा माझ्या बापानं दिला, ज्याला एबीसीडी येत नव्हती. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं आणि संधीही मिळाली होती.

कारण तुम्ही आलात ना लकडगंजात. ऐंशी सालाच्या पुढंमागं, निवृत्त झाल्यावर, पुस्तकांसाठी कपाट करून घ्यायला. मी शाळेतून येताना बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये शिरले तर तुम्ही स्टुलावर बसलेल्या. केस पांढरे झाले होते. बाबांनी तुम्हाला ओळखलं होतं आणि ते फुलून आले होते. त्यांनी तुमची गोष्ट तुम्हालाच सांगायला घेतली, वखारीतली माणसंही ऐकत उभी होती. सांगता सांगता ते म्हणाले, तुमीच सांगतलं होतं न बाई, एक अक्षर नाई बोलली म्हणून? मी फळ्यांच्या ढिगाजवळ उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत.  तुमच्या एका शब्दानं बाबांसमोर, त्या सगळ्या माणसांसमोर माझं काय झालं असतं ते तुम्हालाही कळत होतं आणि मलाही.

"हो," तुम्ही म्हणालात. "एक अक्षर नाही."

आणि कपाटाच्या उंचीचं बोलायला लागलात. मी खाली बघितलं, बाई. जी कुणापुढं मान खाली घालत नाही म्हणून लकडगंजात ओळखली जायची, तिनं. बाबांनी त्या कपाटाच्या दारांना मुद्दाम आडव्या रेशाची फळी घातली, दोन्ही अंगांनी रंदून, कारण खरी नक्षी अशाच लाकडावर दिसते म्हणे. कपाट न्यायला आलात तेव्हा तुम्ही दारावरून तळहात फिरवलात, एकदा इकडून आणि एकदा तिकडून. आभार मी तेव्हा मानले नाहीत. आताही मानत नाही. तुम्ही मला वाचवलंत की बांधून ठेवलंत हे ठरल्याशिवाय कसले आभार?

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत सहामाही चालू होती. मी आले नाही. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं, कारण रविवार ठाऊक असलेलं आता कुणी उरलं नव्हतं. बाबा तुमच्यानंतर पुष्कळ वर्षं होते. हात थरथरायला लागले, रंदा धरता येईना, तरी शेडमध्ये जाऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माही पोरगी तीन शनवार उभी राह्यली. शेवटी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही तेच सांगून राहिले होते. मी पायाशी बसून त्यांचे पाय चेपत होते. अगदी तोंडाशी आलं. बाबा, ऐका न, असं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, काय वं? मी म्हटलं, काही नाही, पाणी देऊ का? त्यांनी मान हलवली आणि त्या माणसाला पुढचं सांगायला लागले, रंद्याचं.

हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्न नाही. तुमच्या चिठ्ठीबरोबर मोगरीखाली पडून राहील. इतकं भांडले तुमच्याशी, तर एक कबूल करून टाकते. या कागदाच्या वर पहिल्या ओळीत खाडाखोड आहे. तिथं आधी 'बाबा' लिहिलं होतं. तीन दिवस त्या शब्दापुढं पेन सरकलं नाही, मग तो खोडला, 'बाई' लिहिलं आणि बाकी सगळं एका बैठकीत झालं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्हाला माहीतच होतं. बाबाले सांगाची हिंमत मले अजून होत नाई.